मैनेचे मागचे दार

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
ता. २ फेब्रुवारी १९७५

चि. भीमाशंकर यास,

तुझ्या अण्णाचे आणि वहिनीचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघे बरे आहोत. गड्ड्याची जत्रा उठली, पाळणे गेले, पहाटेची थंडी तेवढी मागे राहिली आहे. हुबळीचे पाणी तुला आता मानवले असे लिहिलेस, वाचून वहिनीला बरे वाटले. तिने ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतले.

तुमच्या कंपनीची नवी छोटी गाडी, मैना, गुरुवारी ट्रकवरून उतरली. शुक्रवारी सकाळी मी तिला बाहेर काढले. त्या सकाळी काय काय केले ते सगळे लिही, काही लपवू नकोस, असे तू बजावले आहेस.

पाचला उठलो. अंघोळ, लिंगपूजा झाली. गॅरेजात जाऊन मैनेच्या कपाळावर विभूतीची तीन बोटे ओढली. मग टाकीची नळी काढून ठेवली आणि दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची रिकामी बाटली बॉनेटपाशी टांगली. तिच्यात मापून एक लिटर पेट्रोल घातले, रबराची नळी थेट कार्बोरेटरला जोडली. कंपनीचा कागद काही म्हणो, बाटली खोटे बोलत नाही.

वजन हवे म्हणून मागे ज्वारीचे पोते टाकले आणि पोत्याशेजारी तुझ्या वहिनीला बसवले. ती म्हणाली, "पोत्याचं वजन जास्त का माझं, ते बी एकदा काट्यावर घाला की." माझ्या शेजारी वीरभद्रप्पा. तुला आठवत असेल, चादरीच्या दुकानाचा, आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहणारा. स्कूटरवर बायको, आई आणि तीन मुली आलटून पालटून नेता नेता तो दमला आहे. मोठी गाडी त्याला झेपत नाही, आणि पेट्रोल असे महागल्यापासून मोठी गाडी असलेलेही ती झाकून ठेवून टांग्याने फिरताहेत.

टांगा अड्ड्यावर आम्हाला पाहून चन्नप्पा टांगेवाला ओरडला, "मिस्त्री, घोडं कुटं जुंपायचं हिला?"

वीरभद्रप्पा लाजला. मी म्हणालो, "घोडं पोटातच हाय. चंदी कमी खातं तुझ्यापेक्षा."

तुळजापूरचा रस्ता धरला. सपाटीवर त्या एका लिटरात मैना एकोणीस किलोमीटर गेली. दुसऱ्या लिटरात घाट धरून साडेसोळा. मोठ्या गाड्या दहा-अकराला धापा टाकतात. घाटात दुसरा गियर टाकावा लागला, पण इंजिन तापले नाही. वळताना चपळ आहे. आपल्या गल्लीत एका दमात उलटी फिरते. चाके लहान, त्यामुळे खड्डा कळतो, कंबरेला कळतो. अंग फायबरचे, गंजायचे नाही, पण धक्का लागला तर पत्र्यासारखे ठोकून सरळ करता येणार नाही, ते काम इथे कोणाला येत नाही. सुटे भाग हुबळीहूनच येणार, ते वेळेवर आले पाहिजेत. ब्रेक चांगले. हेडलाईट मंद.

आणि मागचे दार. तसे दार सोलापुराने पाहिले नव्हते. बिजागरी वर, झाकणासारखे उचलायचे. मागची सीट पाडली की पोते, ट्रंक, पाळणा, काहीही आत जाते. तुळजापुरात लोक गोळा झाले आणि दार उघडझाक करून पाहू लागले. वीरभद्रप्पा म्हणाला, "मिस्त्री, माझ्या दोघी धाकट्या तर ह्या जागेतच मावतील. काचेतनं मागचा रस्ता बघत बसतील." त्याच्या मनात गाडी तिथेच बसली.

परतीच्या वाटेवर गार वारे होते म्हणून काचा लावून घेतल्या. तुझ्या वहिनीला गाडीची सवय नाही. कसला तरी वास येतो म्हणाली, डोके चढले म्हणाली. नवी गाडी, नवे रबर, नवा रंग, वास यायचाच. घरी येऊन चहा घेतल्यावर ती कामाला लागली.

तर माझे मत असे, की जपून पैसे खर्च करणाऱ्या मध्यम माणसाने ही गाडी घ्यावी. कुटुंबाला पुरते, पेट्रोल कमी पिते, चालवायला सोपी. हे तू कोणालाही माझ्या नावाने सांग.

मैना इथे खपली तर सोलापूरची एजन्सी तुला मिळेल असे तुमचे साहेब म्हणाले, हे खरे ना? आठ वर्षे झाली तुला जाऊन. वहिनीने मागची खोली आजच झाडून घेतली. मी म्हटले, अजून कशाला एवढी घाई. ती केरसुणी घेऊन पुन्हा आत गेली.

तुझा अण्णा,
चनमल्लप्पा


॥ श्री ॥

सोलापूर,
ता. १७ मार्च १९७५

चि. भीमाशंकर यास आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्याबरोबरचे छापील कागद पोचले. माझे पत्र असे छापून निघेल हे मला माहीत नव्हते. 'सोलापूरचे नामांकित मिस्त्री म्हणतात' असे वर मोठ्या अक्षरात आहे. विजापूर, गुलबर्गा, लातूर, सगळीकडे वाटले असे तू लिहितोस. नामांकित हा शब्द काढला असता तर बरे झाले असते. हेडलाईट मंद आहेत हे वाक्य त्यात नाही, कंबरेचेही नाही.

वीरभद्रप्पाने दाखवायला आलेली तीच गाडी घेतली. इथल्या आणखी सहा जणांनी पाडव्याला घरी आणायची म्हणून नावे लावली आहेत. सातही जण मला विचारून गेले.

विशेष काही नाही. गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी वीरभद्रप्पा घरच्यांना घेऊन अक्कलकोटला गेला होता. येताना वळसंगच्या अलीकडे रस्त्याचे काम चालले आहे, धुरळा फार, म्हणून काचा लावलेल्या. मागच्या जागेत दोघी धाकट्या निजल्या. घराशी आल्यावर एक उठली आणि ओकली. दानम्मा, सात वर्षांची, ती उठेना. दवाखान्यात नेली. दोन दिवस ठेवली, आता घरी आहे. मुलांना गाडी लागते. डॉक्टर आणखी काही बोलले, पण वीरभद्रप्पाला ते नीट सांगता आले नाही.

एक विचारायचे होते. मागच्या दाराच्या कडेला जे रबर बसवले आहे ते सगळ्या गाड्यांना तसेच आहे का? आणि सायलेन्सरचा पाईप बंपरच्या आतच संपतो, तो तसा का ठेवला? सहज विचारतो. साहेबांना विचारून कळव.

वहिनी बरी आहे. तुझ्या खोलीत तिने खाट टाकली.

तुझा अण्णा


॥ श्री ॥

सोलापूर,
ता. ७ एप्रिल १९७५

भीमा,

आज चिरंजीव वगैरे लिहीत नाही. लहानपणी हाक मारायचो तशी मारतो.

तुझे उत्तर मिळाले. रबर सगळ्या गाड्यांना तेच आहे, कारखान्यात कोणाचीही तक्रार नाही, आणि पाडव्याच्या तोंडावर अण्णाने असे प्रश्न कागदावर लिहू नयेत, असे तू लिहिलेस. तुझ्या जागी मी असतो तर हेच लिहिले असते. पण मागच्या दोन्ही पत्रांत मी तुला सगळे लिहिले नाही. आता लिहितो. थकलो आहे, अक्षर वाकडे येईल, सांभाळून घे.

तुझे पत्र आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वीरभद्रप्पाकडून मैना मागून आणली. कार्बोरेटरमध्ये थोडे जुने ऑईल सोडले, म्हणजे धूर जाड आणि निळा होतो, डोळ्यांना दिसतो. मागच्या जागेत माझा पांढरा पंचा पसरला. काचा सगळ्या लावल्या. चन्नप्पाला मागच्या सीटवर मागे तोंड करून बसवले आणि होटगी रस्त्याला गाडी पळवली. दोन मैलही झाले नसतील, चन्नप्पा म्हणाला, "मिस्त्री, थांबवा. दाराखालनं धूर आत यायलाय की. चुलीवानी यायलाय."

थांबवली. पंच्याच्या कडेला दाराच्या रुंदीएवढी काळी रेघ उमटली होती. गाडी पळते तेव्हा मागच्या बाजूला पोकळी होते, ती पोकळी धूर वर ओढते, आणि रबर जिथे दाबून बसायला हवे तिथे बोटभर फट राहते. काचा उघड्या असल्या तर फारसे कळत नाही. लावल्या तर मागे बसलेल्या माणसाच्या अंगात तो धूर जातो. माणूस झोपतो. मुलाला तर वेळच लागत नाही.

चन्नप्पा उतरून रस्त्याच्या कडेला बसला. मला म्हणाला, "पर मिस्त्री, ह्याला धूर दाखवायची काय गरज? बसल्या बसल्या नाकात जातोय की. तुमाला त्या दिवशी आला न्हाय?"

नाही, भीमा. मला आला नाही.

दुष्काळाच्या साली मला मोठा ताप आला होता, तुला कळवले होते. त्या तापातून उठलो तेव्हापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. पेट्रोलचा नाही, जळलेल्या क्लचचा नाही, देवापुढच्या कापराचा नाही. आधी वाटले महिनाभरात येईल. मग वाटले उन्हाळ्यात येईल. आता तिसरे वर्ष लागले.

कोणाला सांगितले नाही. दस्तगीर उस्तादांच्या हाताखाली मी पंधरा वर्षे काम शिकलो. ते म्हणायचे, "आँख धोका देती, कान बी धोका देता, नाक नई देती रे." सोलापुरात लोक गाडी घेण्याआधी माझ्याकडे आणतात ते त्या नाकासाठी. ऑईलच्या पट्टीचा वास घेऊन मी सांगायचो, इंजिन किती दिवस काढेल. ते गेले हे कसे सांगायचे? मी एक युक्ती काढली. पट्टी गिऱ्हाईकाच्या नाकाशी धरायची आणि विचारायचे, "तुम्हीच सांगा, कसला वास येतो?" तो सांगायचा. मी मान हलवायचो. लोक म्हणायचे, मिस्त्री शिकवतो सुद्धा. असे अडीच वर्षे चालले.

त्या सकाळी तुळजापूरहून येताना वहिनी म्हणाली ते मी तुला अर्धेच लिहिले होते. तिने तीनदा सांगितले. पहिल्यांदा म्हणाली, "अवो, धुराचा वास येतोय." मी युक्ती केली, विचारले, कसला? म्हणाली, "कसला म्हंजे? धुराचा. मोटारीच्या बुडातला." तिसऱ्यांदा मी तिला म्हणालो, "तुला गाडीतलं काय कळतं? गप बस." वीरभद्रप्पासमोर म्हणालो. ती पोत्यावर डोके टेकून झोपली. ती झोपली हे पाहून मला बरे वाटले, भीमा. मी आरसा सरळ केला आणि गाडी पळवली. माझी बायको त्या फटीपाशी निजली होती.

मला वास आला नाही हा देवाचा खेळ म्हणता येईल. पण मला सांगितले गेले होते आणि मी ऐकले नाही, हा देवाचा खेळ नाही. का ऐकले नाही तेही लिहितो. मैना पास झाली तर तू परत येणार होतास.

आणि तू गेलास तो माझ्यामुळे. त्या दिवशी ट्रकचा गॅस्केट गळत होता, तुला कळला नाही, आणि मी चार गिऱ्हाईकांसमोर म्हणालो, "तुला नाक न्हाय भीमा, हे काम तुझं न्हव्हं. दुसरं काहीतरी बघ." तू पाना खाली ठेवलास, हात धुतलेस आणि गेलास. आठ वर्षांत एका पत्रात तू तो विषय काढला नाहीस. मीही नाही. आज काढतो. ज्या गोष्टीवरून मी तुला घालवले ती आता माझ्याकडेच नाही, आणि मी मात्र अजून त्याच गादीवर बसलो आहे.

परवा घरी आलो आणि वहिनीला सांगितले. म्हटले, शिवबाई, मला वास येत नाही. ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "ठाव हाय की मला. तीन बारी आमटी करपली, तुमी म्हणालात, लई झ्याक झालीया."

मी विचारले, मग बोलली का नाहीस?

"तुमीच सांगाल म्हणून थांबले. किती दिस थांबायचं ते मात्र कुनी सांगितलं न्हाय."

काल रविवारी सातही जणांना वीरभद्रप्पाच्या घरी बोलावले. दानम्मा ओसरीवर बसली होती. ती बरी आहे, पण बोलताना मधेच थांबते, पुढचा शब्द शोधते. तिची आजी तो शब्द पुरवते. पूर्वी असे नव्हते. डॉक्टर म्हणाले कदाचित जाईल, कदाचित काही दिवस राहील.

पंचा मांडून दाखवला. मग उभा राहून सांगितले, की मला अडीच वर्षे वास येत नाही, मी ते लपवले, आणि तुम्ही माझ्या शब्दावर गाडी घेताय.

मग शिवशरण, मंगळवार पेठेतला धान्यवाला, म्हणाला, "म्हंजे मागल्या वर्षी माझी जुनी गाडी तुमी तपासलीत, ती कशानं? अंगठा लावून?"

एक जण हसला. हसू वाईट नव्हते, पण त्याला दुसऱ्या कोणी साथ दिली नाही.

शिवशरण थांबला नाही. "वास मीच घेतला की त्या दिवशी! तुमी विचारलं आन मी सांगितलं. तपासायचे पैसे तर मला द्यायला पायजे होते."

मी म्हणालो, "खरं हाय."

वीरभद्रप्पा एवढा वेळ भिंतीला टेकून होता. तो मला काही बोलेल असे वाटत होते. त्याने बोलावे असे मला वाटत होते. तो एवढेच म्हणाला, "मिस्त्री, मी माझ्या हातानं तिला त्या जागेत बसवली. काचेतनं रस्ता दिसतोय म्हणून." आणि आत गेला. मला शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री थोडा झोपलो असतो.

सहाही जणांनी आपली नावे काढून घेतली आहेत. तुझी एजन्सी त्यांच्याबरोबर गेली, हे मला कळते. पण सोलापूरचे सहा थांबले म्हणून भागत नाही. माझ्या नावाचा कागद विजापुरात आहे, गुलबर्ग्यात आहे, लातुरात आहे. तिथे कोण कोणाच्या पोरांना मागच्या जागेत बसवील ते मला माहीत नाही. आपल्या घरात कामाला कायक म्हणतात, कायक हीच पूजा. पूजेत एकदा खोटे शिरले की ते कुठवर पसरते ते मला आता दिसते.

गाडी वाईट नाही, भीमा. हे मी आजही लिहितो. पाईप वीतभर लांब करून डाव्या अंगाला वळवला, आणि दाराला दुपदरी रबर बसवून कडी घट्ट केली, तर ती त्या एकोणीस किलोमीटरला शोभेल अशी होईल. वीरभद्रप्पाच्या मैनेला मी ते करून दिले. पंचा पुन्हा पसरून पाहिला, पांढरा राहिला. तरी त्याने मुलींना मागे बसवलेले नाही, आणि मी बसव म्हणालोही नाही.

आज सकाळी गॅरेजच्या दारावरची 'गाडी तपासून मिळेल' ही ओळ रंगाने झाकली. दुरुस्ती करीन. हात अजून आहेत. पण कोणत्या गाडीला हो किंवा नाही म्हणणार नाही.

नंतर पोस्टात गेलो. तुझ्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना लिहिलेले पत्र रजिस्टरने पाठवले. त्यात माझे मत मी मागे घेतले आहे, कारण लिहिले आहे, माझ्या नाकासकट. पाईपाचे आणि दाराचे चित्र काढून जोडले आहे. सातही जणांच्या सह्या आहेत, शिवशरणची सगळ्यात मोठी. तेच पत्र विजापूर, गुलबर्गा आणि लातूरच्या ज्या ज्या दुकानांत ते कागद वाटले, त्यांनाही गेले. पाडव्याच्या आत पोचेल असे मास्तर म्हणाले.

तुला हे पत्र मुद्दाम त्यांच्यानंतर टाकतो आहे. आधी टाकले असते तर तू तार केली असतीस, अण्णा, थांब. आणि तू थांब म्हणालास तर मी थांबलो असतो. मला माझी खात्री नाही. म्हणून ती पत्रे हातातून गेल्यावर, पोस्टाच्या बाकावर बसून, तुझे हे शेवटचे पान लिहितो आहे.

तुझा आशीर्वाद मागण्याइतका मी लहान नाही आणि तुला देण्याइतका आज मोठा राहिलो नाही.

अण्णा